क्षेत्र कोणाचे? परजीवी, यजमान आणि स्वत्वाचा प्रश्न

सजीवाच्या शरीरात जे काही आहे त्यातले ‘स्वतःचे’ कोणते आणि ‘परके’ कोणते, हा प्रश्न वरवर पाहता शरीरशास्त्राचा वाटतो; परंतु त्याचे उत्तर देताना ज्या कल्पना गृहीत धरल्या जातात, त्या बहुधा धर्मविचारातून, कुळाचारातून आणि जमिनीच्या हक्कांच्या भाषेतून आलेल्या असतात. सतराव्या-अठराव्या शतकांतील महाराष्ट्रात गावची जमीन पिढीजात हक्काने धारण करणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन ती ठरावीक मुदतीने कसणारा तो उपरी, असा भेद रूढ होता. गावगाड्यातील ती व्यवस्था मागे पडली, तरी ‘उपरा’ हा शब्द परकेपणाची खूण म्हणून मराठीत टिकून आहे. वाडवडिलांकडून आले ते आपले आणि बाजूने शिरले ते परके, हा मिरासदारीचा न्याय जमिनीपुरता मर्यादित राहिला नाही. तो रक्ताला लावला गेला, जातीला लावला गेला आणि आधुनिक काळात आनुवंशिकतेलाही लावला गेला. परजीवी आणि त्यांचे यजमान यांच्यात होणाऱ्या जनुकांच्या देवाणघेवाणीचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला, त्याने हा न्याय मुळातूनच तपासून पाहण्याची वेळ आणली आहे.

जनुक म्हणजे डीएनए या रेणूचा असा भाग, ज्यात पेशीतील एखादे प्रथिन वा तत्सम उपयुक्त रेणू घडवण्याची माहिती साठवलेली असते; सजीवाच्या पेशीतील अशा साऱ्या माहितीच्या एकत्रित साठ्याला जीनोम म्हणतात. जनुके आईबापांकडून संततीकडे जातात, हा त्यांचा सर्वपरिचित मार्ग होय आणि त्याला उभे संक्रमण म्हटले जाते. चार्ल्स डार्विन याने 1837 मध्ये आपल्या टिपणवहीत सजीवांच्या नातेसंबंधांचे जे फांद्या फुटत जाणारे झाड रेखाटले, ते या उभ्या मार्गाचेच चित्र होते: त्या झाडाच्या फांद्या एकमेकींपासून दूर जातात, पण पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. याउलट, ज्या दोन सजीवांमध्ये आईबाप व अपत्य असे नाते नाही, किंबहुना ज्यांची जातही एक नाही, त्यांच्यापैकी एकाचे जनुक दुसऱ्याच्या जीनोममध्ये जाऊन बसणे याला क्षैतिज किंवा आडवे संक्रमण असे नाव आहे. फ्रेडरिक ग्रिफिथ याने 1928 मध्ये न्यूमोनियाच्या मृत, रोगकारक जीवाणूंच्या सान्निध्यात निरुपद्रवी जिवंत जीवाणू रोगकारक बनतात हे दाखवले, तेव्हा या आडव्या मार्गाचे पहिले स्पष्ट प्रात्यक्षिक घडले, आणि जीवाणूंच्या जगात तो इतका सर्रास वापरला जातो हे पुढे सिद्ध झाले की 1999 मध्ये डब्ल्यू. फोर्ड डूलिटल याने सजीवांचा इतिहास एका झाडाच्या रूपाने मांडता येईल काय, अशीच शंका उपस्थित केली.

वनस्पती व प्राणी यांच्या बाबतीत हा मार्ग बराच बिकट आहे, कारण परक्या डीएनएला पेशीच्या केंद्रकात शिरावे लागते, तेथील गुणसूत्रात सामावून जावे लागते आणि, प्राण्यांमध्ये तर, पुढची पिढी ज्यांतून जन्मते त्या बीजपेशींपर्यंत पोहोचावे लागते. अन्यथा ते त्या एका शरीराबरोबरच संपते. इतके अडथळे पार पडण्यासाठी दोन भिन्न जातींचा दीर्घकाळ आणि पेशीला पेशी भिडेल इतका निकट सहवास असणे फार साह्यकारक ठरते, आणि असा सहवास जिथे अपरिहार्य असतो ते नाते म्हणजे परजीविता होय. दुसऱ्याच्या शरीरावर वा शरीरात राहून त्याच्याकडून पोषण घेणारा तो परजीवी, आणि ज्याच्या जिवावर तो जगतो त्याला पोषक किंवा यजमान म्हणतात. लोकव्यवहाराने या नात्याचा नैतिक निवाडा केव्हाच करून टाकला आहे. फुकट खाणाऱ्या माणसाला मराठीत ‘बांडगूळ’ म्हणतात, आणि त्या शब्दातील तिरस्कारामागे असे गृहीत असते की झाड कुठे संपते आणि बांडगूळ कुठे सुरू होते हे पाहणाऱ्याला नेमके कळते.

हे गृहीत किती डळमळीत आहे हे आग्नेय आशियातील रॅफ्लेशिया या वनस्पतीवरून ध्यानात येते. तिला पाने, खोड, खरी मुळे यांपैकी काहीच नसते. द्राक्षाच्या कुळातील टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत ती सूक्ष्म धाग्यांच्या रूपाने राहते आणि केवळ फुलण्यासाठी बाहेर येते, तेही एखाद्या जातीत सुमारे एक मीटर व्यासाचे फूल घेऊन. चार्ल्स डेव्हिस व केनेथ वुर्डॅक यांनी 2004 मध्ये या कुळातील वनस्पतींचे नाते जनुकांवरून शोधले, तेव्हा एका जनुकाने त्यांचे मूळ एका कुळसमूहात दाखवले, तर पेशीतील ऊर्जानिर्मितीचे अंग असलेल्या मायटोकॉन्ड्रियामधील दुसऱ्या एका जनुकाने त्यांना थेट त्यांच्या यजमान वेलीच्या शेजारी नेऊन बसवले; एकाच फुलाने आपल्या वंशाबद्दल दोन साक्षी दिल्या आणि दोन्ही आपापल्या परीने खऱ्या होत्या. रॅफ्लेशियाची नातलग आणि ईशान्य भारतातही आढळणारी सॅप्रिया हिचा जीनोम 2021 मध्ये वाचला गेला, तेव्हा सपुष्प वनस्पतींमध्ये सामान्यतः आढळणाऱ्या जनुकांपैकी सुमारे 44 टक्के जनुके तिने गमावली असल्याचे, आणि तिच्या जीनोमचा काही अंश यजमानांकडून आलेला असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांच्या जाळ्यासारखी पसरणारी अमरवेल ज्या प्रजातीत मोडते, त्याच प्रजातीतील एका जातीच्या जीनोममध्ये यजमानांकडून आलेली 108 जनुके 2019 मध्ये नोंदवली गेली, आणि त्यांतील बरीच जनुके यजमानाच्या अंगात घुसून रस ओढणाऱ्या शोषकमुळांतच कार्यरत असतात. यजमानाकडून घेतलेल्या माहितीचा वापर त्या यजमानाशीच जडलेल्या अवयवात होतो, ही गोष्ट चोरीच्या कल्पनेलाही गुंतागुंतीची करणारी आहे. कारण चोराचे अवजारच जर धन्याच्या लोखंडाचे असेल, तर ते अवजार कोणाचे म्हणावे?

विरुद्ध दिशेने, म्हणजे परजीवीकडून यजमानाकडे, झालेले संक्रमण मनुष्याला अधिक जवळून भिडते. रेट्रोव्हायरस या वर्गातील विषाणू आपली आनुवंशिक माहिती यजमानाच्या डीएनएमध्येच घुसवतात. हे घुसणे एखाद्या वेळी बीजपेशीत घडले, तर तो विषाणू पुढच्या पिढ्यांना जन्मतःच वारशाने मिळू लागतो. मानवी जीनोमचा सुमारे 8 टक्के भाग अशा प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे. त्यातील बहुतेक अवशेष मोडकळीस आलेले असले, तरी सिन्सिटिन नावाचे एक प्रथिन घडवणारे जनुक अजून शाबूत आहे, आणि ते प्रथिन वारेच्या, म्हणजे गर्भाला मातेच्या शरीराशी जोडणाऱ्या अवयवाच्या, घडणीत भाग घेते असे 2000 मध्ये दाखवले गेले. विषाणूच्या दृष्टीने हे प्रथिन यजमानपेशीच्या आवरणाशी आपले आवरण एकजीव करून आत शिरण्याचे साधन होते. वारेत तेच साधन शेजारच्या पेशींना एकजीव करून माता व गर्भ यांच्यामधला अखंड थर तयार करते. उंदरांमध्ये याच प्रकारचे, परंतु वेगळ्या विषाणूपासून आलेले, जनुक निकामी केले असता गर्भ पोटातच दगावतात, हेही 2009 मध्ये सिद्ध झाले. आईच्या उदरात मूल वाढणे हे नात्याचे, वंशाचे, ‘रक्ताच्या ओढी’चे सर्वांत आदिम रूप मानले जाते, आणि उभ्या वारशाच्या त्या अगदी गाभ्यातच एक आडवा आलेला उपरा काम करीत आहे.

वनस्पतींमध्ये असेच उदाहरण रताळ्याचे आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जमिनीतील परजीवी जीवाणू वनस्पतीच्या पेशीत आपल्या डीएनएचा एक तुकडा सोडतो आणि त्यायोगे तिच्याकडून गाठी वाढवून घेऊन आपल्याला लागणारे अन्नद्रव्य तयार करवून घेतो. जनुकसुधारित पिके घडवण्याचे तंत्र 1980 च्या दशकात उभे राहिले ते याच जीवाणूच्या कसबावर. परंतु लागवडीखालील रताळ्यांचे 291 नमुने तपासून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या प्रत्येक नमुन्यात अशा जीवाणूचा डीएनए आढळला, म्हणजे हे संक्रमण कोणत्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी निसर्गात घडून गेले होते. महाराष्ट्रातील असंख्य घरांत आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला शिजणारे, उपवासाला चालणारे म्हणून पवित्र मानलेले रताळे हे एका रोगकारक जीवाणूची जनुके बाळगणारा कंद आहे. तेच रताळे जैन आचारात मात्र कंदमूळ म्हणून वर्ज्य ठरते, कारण जैन विचारानुसार काही वनस्पती एका शरीरात एकच जीव असलेल्या, म्हणजे ‘प्रत्येक’, तर काही एका शरीरात अनंत जीव नांदणाऱ्या, म्हणजे ‘साधारण’, असतात आणि कंदमुळे या दुसऱ्या वर्गात मोडतात. जनुकशास्त्राने या वर्गीकरणाची पुष्टी केली असे म्हणणे ओढाताणीचे होईल, कारण जनुक म्हणजे जीव नव्हे. तरीही एक शरीर म्हणजे एकच स्वामी हे समीकरण स्वयंसिद्ध नाही, याची जाणीव त्या जुन्या भेदात निश्चितच दिसते.

स्वामित्वाचा हाच वाद मराठीत एके ठिकाणी विलक्षण सविस्तर मांडला गेला आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला ‘क्षेत्र’, म्हणजे शेत, आणि ते जाणणाऱ्याला ‘क्षेत्रज्ञ’ म्हटले आहे. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या रूपकाचा विस्तार करताना हे शेत नेमके कोणाचे याविषयी निरनिराळ्या मतांचे लोक भांडताना दाखवले आहेत. एका पक्षाच्या मते शेत जीवाच्या मालकीचे असून प्राण हे त्याचे कूळ, म्हणजे खंडाने जमीन कसणारे. दुसरा पक्ष ते सारे प्रकृतीचे ठरवतो. कोणी ते संकल्पाचे, कोणी स्वभावाचे, तर कोणी काळाचे म्हणतो. ज्ञानेश्वरांनी हा दार्शनिक वाद शेतीच्या व्यवहाराच्या भाषेत मांडला हे केवळ अलंकरण नाही. मालक आणि कूळ हा भेद मान्य केला, की ‘शरीरात असणे’ आणि ‘शरीराचा धनी असणे’ या दोन गोष्टी वेगळ्या होतात, आणि जे जे शरीरात आढळते ते ते ‘मी’ होय ही समजूत आपोआप गळून पडते.

बौद्ध परंपरा त्याच्याही पुढे जाते. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचे चाक, आस, जू असे एकेक अंग घेऊन, यांतील कोणते अंग म्हणजे रथ, असे विचारले जाते आणि कोणतेच नाही असे निष्पन्न होते; ‘रथ’ हे त्या अंगांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले व्यवहारापुरते नाव ठरते, आणि व्यक्तीचेही तसेच. म्हणजे ज्ञानेश्वरीतील अद्वैत विचाराच्या दृष्टीने शेतातील एकही वस्तू क्षेत्रज्ञ नाही, तर बौद्धांच्या दृष्टीने शेत आहे पण त्याचा वेगळा धनी असा कोणी नाही. या दोहोंपैकी कोणता पक्ष खरा, याचा निर्णय जनुकशास्त्र देऊ शकत नाही, कारण धन्याचा शोध त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. मात्र घटकांच्या यादीतून स्वत्व सिद्ध होत नाही, या दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या मुद्द्याला ते भक्कम आधार देते, कारण ती यादी स्थिर नसून इतिहासात भर पडत आणि गळती होत बनलेली आहे.

धन्याचा प्रश्न असा बाजूला ठेवला, तरी व्यवहारापुरता प्रश्न उरतोच: यजमानाच्या जीनोममधील एखाद्या परक्या जनुकाला ‘त्याचे’ कधी म्हणावे? येथे विसाव्या शतकातील महाराष्ट्राने जमिनीच्या संदर्भात स्वीकारलेले तत्त्व उपयोगी पडते. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनाने मिरासीच्या जुन्या न्यायाऐवजी ‘कसेल त्याची जमीन’ हा न्याय पुढे आणला. स्वामित्वाची कसोटी उगमाकडून श्रमाकडे वळली. त्याआधीच्या व्यवस्थेतही पूर्ण कोंडी नव्हती, कारण ज्यांचे मूळ घराणे नामशेष झाले अशा गतकुळी जमिनी उपऱ्याला मिरासी हक्काने मिळू शकत आणि काही पिढ्यांनी तोही मिरासदार गणला जाई. हाच न्याय लावला, तर सिन्सिटिनचे जनुक विषाणूपासून आले असले तरी आता ते मनुष्याचेच आहे, कारण ज्या देहात ते आहे त्या देहाच्या निर्मितीत त्याचे काम गुंतलेले आहे आणि उंदरांवरील प्रयोग पाहता ते काढून घेतले तर तो देहच उभा राहणे कठीण.

परंतु ही कसोटी दिसते तितकी सोपी नाही. गायीच्या जीनोममध्ये बोव्ह-बी नावाचा, स्वतःच्या प्रती तयार करून जागोजाग पसरणारा डीएनएचा घटक आहे. तो व त्यापासून निपजलेले तुकडे मिळून त्या जीनोमचा सुमारे चौथा हिस्सा व्यापतात. या घटकाचे जवळचे नातलग साप व सरड्यांमध्ये आढळतात, तसेच सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त पिणाऱ्या गोचिडांमध्येही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गोचिडांसारख्या परजीवींमार्फत तो एका प्राणिकुळातून दुसऱ्यात गेला असावा, असा निष्कर्ष मांडला. ज्या प्राण्याला हिंदू परंपरेने पावित्र्याची मूर्ती मानले, त्याच्या पेशीपेशीत सर्पकुळाशी जोडणारा हा आडवा धागा आहे, एवढेच येथे महत्त्वाचे नाही. बोव्ह-बी कसतो खरा, पण कसतो तो स्वतःसाठी: त्याचे श्रम म्हणजे त्याचीच वाढ. जमिनीवर राहणाऱ्या आर्माडिलिडियम व्हल्गेअर या, अंगाची गोळी करून बसणाऱ्या लहानशा कवचधारी प्राण्यात तर आणखी विचित्र प्रकार घडला आहे. वोल्बाकिया हा त्याच्या पेशींत राहणारा जीवाणू नरांना माद्या बनवतो, आणि काही समूहांत जीवाणू नसतानाही हेच घडते, कारण जीवाणूच्या जीनोमचा मोठा भाग यजमानाच्या गुणसूत्रात बसून स्वतःच लिंग ठरवणारे गुणसूत्र बनला आहे, असे 2016 मध्ये उघड झाले. या उपऱ्याला मिरासदार म्हणावे, तर त्याने मूळ मिरासदाराचे घर बदलून टाकले आहे. उपराच म्हणावे, तर त्याच्यावाचून त्या समूहात मादी जन्मत नाही. तेव्हा ‘कसेल त्याची’ या तत्त्वाला एक पुस्ती जोडावी लागते: कसणे कोणासाठी आहे हेही पाहिले पाहिजे. आणि ज्या क्षणी हा ‘कोणासाठी’ विचारला जातो, त्या क्षणी स्वत्व ही वस्तूची अंगभूत मालमत्ता न राहता एकत्र नांदण्याचा, वाटाघाटीचा आणि काळाचा विषय बनते.

या विवेचनाचा सामाजिक विचाराशी संबंध जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो सावधपणे जोडला पाहिजे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कुलक्षयातून होणाऱ्या वर्णसंकराचे भय बोलून दाखवतो, आणि संकर म्हणजे ऱ्हास ही भावना पुढे शतकानुशतके धर्मशास्त्राच्या व्यवहारात टिकून राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात जातिभेद म्हणजे वंशशुद्धीचे रक्षण हा युक्तिवाद खोडून काढताना, भारतातील क्वचितच एखादा वर्ग परक्या रक्ताच्या मिश्रणापासून मुक्त आहे, या डी. आर. भांडारकर यांच्या प्रतिपादनाचा आधार घेतला होता. मात्र निसर्गात मिश्रण सर्वत्र आहे म्हणून समाजातही ते असले पाहिजे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे डेव्हिड ह्यूम याने ज्याविषयी सावध केले होते ती चूक करणे होय. ‘आहे’ यातून ‘असावे’ हे निघत नाही. निसर्गात अमरवेलही आहे आणि तिच्या विळख्यात सुकणारे झाडही, आणि दोन्हींपैकी कशाचेच अनुकरण नीतिशास्त्र सांगत नाही. जनुकांच्या आडव्या संक्रमणाने समतेचा पक्ष सिद्ध होत नाही, कारण त्या पक्षाला अशा सिद्धीची गरजच नाही. त्याने एवढेच होते की शुद्धीचा पक्ष आजवर निसर्गाला आपला साक्षीदार म्हणून उभा करीत आला, तो साक्षीदार उलटतो. ज्यांना भेद टिकवायचे आहेत त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर टिकवावेत, जीवसृष्टीच्या नावाने नव्हे.

शेवटी विचारात घ्यावा असा एक शब्द उरतो, तो म्हणजे यजमान. आजच्या मराठीत तो पाहुण्याचे आतिथ्य करणाऱ्याला आणि घरच्या कर्त्या पुरुषाला लावला जातो, म्हणजे त्यात धनीपणाचा अर्थ ठसठशीत आहे. परंतु मुळात तो यज्ञाच्या परिभाषेतील असून, ज्याच्या खर्चाने आणि ज्याच्या फलासाठी यज्ञ होतो तो यजमान. पूर्वमीमांसा या दर्शनाने यज्ञाचे स्वरूप द्रव्य, देवता आणि त्याग या तीन घटकांनी सांगितले आहे, आणि त्यातील त्याग म्हणजे अग्नीत आहुती पडत असताना यजमानाने ती आता आपली उरली नाही असे उच्चारणे. आहुती टाकण्याचे काम ऋत्विज करू शकतो. हे उच्चारण मात्र यजमानाचे, कारण जे स्वतःचे आहे तेच सोडता येते, आणि म्हणून या विधीत धनीपण सिद्ध होते ते नेमके ते सोडण्याच्या कृतीत. पेशींच्या जगात असा संकल्प कोणी करीत नाही. तेथे ना श्रद्धा आहे ना त्याग, केवळ अपघात, सहवास आणि निवड आहे. तरीही मनुष्याला आपल्या देहाविषयी जो विचार करता येतो, तो या शब्दाच्या जुन्या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा आहे. आपल्या अस्तित्वाचा काही भाग एकेकाळच्या शत्रूंकडून आलेला आहे, जन्माला येण्याच्या प्रक्रियेतच एका विषाणूचे कसब कामी आले आहे, हे कळल्यावर ‘हे सारे माझे’ हा दावा जितका सैल होतो, तितकाच ‘ते परके’ हा आरोपही सैल होतो. जीनोमचा यजमान असणे म्हणजे त्याचा मिरासदार असणे नव्हे. जे शेत अनेकांनी आळीपाळीने कसले त्यावर काही काळ राबणे, आणि पुढच्या हाती देताना त्यातील किती आपले होते याचा हिशेब न मांडणे, इतकेच त्याच्या वाट्याला येते.